दोन गुंजा दारू

नागपूरच्या इतवारीत मागाल त्या वस्तूची ओळ आहे. किराणा ओळ, लोहा ओळ, रेशीम ओळ, बर्तन ओळ, सराफा ओळ आणि थोडं पलीकडे गेलं की गणपती-दुर्गा घडवणाऱ्यांची चितार ओळ. मिरची बाजार कुठे, हे कुणाला विचारावं लागत नाही. पहिली शिंक आली की समजायचं, पोचलो. पोरीच्या लग्नाचा बस्ता आणि म्हाताऱ्याच्या तेरवीचं सामान एकाच फेरीत, एकाच रिक्षात घालून नेणारे लोक मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. त्यामुळे आमच्या नातेवाइकांचा ठाम समज झालाय, की जी वस्तू जगात आहे ती इतवारीत आहे, आणि जी इतवारीत दिसत नाही ती मामाला सांगितली की मिळते. हा मामा म्हणजे मी.

या समजाला मी आजवर जागलोय. पुण्याच्या साडूला पितळी बंब पाठवला, रायपूरच्या मेहुणीला भिवापुरी मिरची पोचवली, मुंबईच्या व्याह्यांना पुरणयंत्राची तुटलेली जाळी जुळवून दिली. पण गेल्या हिवाळ्यात टेक्सासातल्या डॅलसच्या भाच्यानं फोन करून जे मागितलं, त्याची ओळ इतवारीत नाही. नागपुरात नाही. सरळ सांगायचं तर भारतात नाही.

सुरुवात साधीच होती. "मामा, सराफ्यात चांगला काटा मिळेल का? अगदी बारीक वजनाचा?"

"सोनं घेऊन रायला का बे?" मी हरखून विचारलं. भाच्याचं लग्न लांबलेलं. आमच्या बहिणीनं त्या आशेवर दोन गुरुवार जास्तीचे धरलेले.

"नाही मामा. दारू मोजायची आहे."

(दारू म्हटल्यावर ज्यांनी खुर्ची पुढे ओढली त्यांनी ती मागे घ्यावी. ही बंदुकीची.)

भाचा पिस्तुलाचा नेम धरायला शिकतो, हे घरात माहीत होतं. शनिवारी लोक देवळात जातात, हा रेंजवर जातो, एवढंच बहिणीनं त्यातून काढलेलं. आता त्याला झाडलेल्या गोळ्या घरी पुन्हा भरायच्या होत्या. पिस्तूल वाजलं की खर्च होतात तीन गोष्टी: पुढची शिशाची गोळी, आतली दारू आणि बुडाला बसवलेली टिकली. पितळेची नळकांडी, तिकडे तिला केस म्हणतात, ती मात्र पायाशी पडते आणि पुन्हा वापरता येते. ती उचलायची, घासायची, पुन्हा मापात आवळायची, नवी टिकली, नवी दारू, नवी गोळी. टेक्सासात स्वतःपुरतं हे करायला परवाना लागत नाही. दारूचा डबा दुकानातून तुरीच्या डाळीसारखा उचलून आणता येतो. २०२० साली करोनात अमेरिकेतल्या दुकानांतून गोळ्या गायब झाल्या, टिकल्यासुद्धा मिळेनात, तेव्हा याच्या डोक्यात हा किडा शिरला. पुढे गोळ्या मिळायला लागल्या. किडा राहिला.

"अन् मामा, स्वस्तही पडतं."

हे वाक्य मी ओळखतो. सेलमधून आलेल्या प्रत्येक पिशवीबरोबर ते आमच्या घरात येतं. भाच्याचं गणित असं, की घरी भरलेली गोळी विकतच्या गोळीपेक्षा कमी पैशांत होते. मी विचारलं, मग महिन्याचा खर्च कमी झाला का? तो म्हणाला, तसं नाही, त्याच पैशात आता जास्त झाडता येतील. आणि यंत्राचे पैसे? ते वसूल व्हायला काही वर्षं लागतील. म्हणजे पैसे वाचायला लागतील त्या दिवसापर्यंत थांबायला आयुष्य हवं. तिथले जुनेजाणते लोकही हेच सांगतात म्हणे, की यात पैसा वाचत नाही, फक्त हात बसतो.

घरी काडतूस भरणं ही गोष्ट आमच्याकडे काही नवलाची नाही. विदर्भात शिकारीचा जमाना होता तेव्हा मालगुजारांच्या वाड्यांवर पडवीत बसून बारा बोअरची काडतुसं भरत. आमच्या ओळखीच्या एका आजोबांनी तो डबा जपून ठेवला होता. बिस्किटाचा पत्र्याचा डबा. आत लाकडी दांडका, दारूचं एक पितळी माप, छर्‍यांचं दुसरं माप, पुठ्ठ्याच्या आणि नमद्याच्या गोल चकत्या. संपली साधनसामग्री. चहा थंड व्हायच्या आत पाच-सहा काडतुसं तयार. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि डबा माळ्यावर गेला. तिकडे गडचिरोलीच्या भरमार बंदुकीला तर तेवढाही डबा लागत नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, छर्रे सोडायचे, चिंधी ठासायची. बार झाला तर झाला.

भाच्याच्या यादीसमोर तो बिस्किटाचा डबा मला राहूनराहून आठवत होता. यादी व्हॉट्सअ‍ॅपवर आली. तिची प्रिंट काढून मी ओट्यावर, म्हणजे आमच्या गप्पांच्या अड्ड्यावर नेली, कारण आमच्याकडे कुठल्याही खरेदीला ओट्याची मंजुरी लागते. प्रेस. डायचा संच. काटा. दारूचं माप. कॅलिपर. पितळ घासायचं फिरतं पिंप. केसेस उभ्या करायचा ट्रे. आणि सगळ्यात शेवटी एक हातोडा.

"हातोडा कायले?" लोहा ओळीतल्या शेटजींनी विचारलं.

तो गोळी भरायला नसतो, भरलेली उसकटायला असतो. माप चुकलं, शंका आली, की तयार गोळी त्या पोकळ हातोड्यात अडकवायची आणि हातोडा ठोकळ्यावर आपटायचा. झटक्यानं शिसं आणि दारू वेगळी होऊन बाहेर येते. ज्या धंद्यात चूक निस्तरायचं हत्यार पहिल्याच यादीत येतं, तो धंदा इमानदार असावा, असं माझं मत झालं. आपल्याकडे पुरणयंत्राबरोबर असं काही देत नाहीत.

खरा घोळ प्रेसचा होता. प्रेस म्हणजे टेबलाला बोल्टनं आवळलेली दांड्याची मशीन. केस खाली ठेवायची, दांडा ओढायचा, वरच्या डायमध्ये ती शिरते आणि आवळली जाते. यात तीन जाती. पहिली एका ओढीत एकच काम करते. शंभर केसेस आवळायच्या, मग डाय बदलून त्याच शंभरांची तोंडं थोडी उघडायची, मग त्याच शंभरांत गोळ्या बसवायच्या. दुसरीत डाय फिरत्या चकतीवर असतात, बदलायची कटकट नाही. तिसरी प्रोग्रेसिव्ह: गोल ताटात चार-पाच केसेस एकाच वेळी बसलेल्या, प्रत्येकीवर वेगळं काम चाललेलं, आणि दांडा ओढला की दर खेपेला एक तयार गोळी टपकन खोक्यात. भाच्याचा जीव अर्थातच या तिसरीवर.

आणि रंग! लाल, हिरवी, निळी. ली कंपनीची लाल, आर.सी.बी.एस.ची हिरवी, डिलनची निळी. हॉर्नाडीसुद्धा लालच, म्हणजे लालातही दोन गट. जो ज्या रंगावर पहिल्यांदा शिकला तो त्या रंगाचा कायमचा मतदार. भाच्याला रेंजवर जो भेटे तो वेगळा रंग सांगे, आणि आधीच्यानं सांगितलेला रंग किती फालतू हेही सांगे. यातल्या आर.सी.बी.एस.चं मूळ मला फार आवडलं. १९४३ साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंगटन नावाच्या गृहस्थानं रॉक चक नावाच्या डोंगरी घुशीवजा जनावराची शिकार करायला गोळ्या दाबायचं हत्यार बनवलं आणि त्या जनावराचंच नाव कंपनीला दिलं. घुशीपायी एवढी कंपनी! आमच्या वाड्यात तीन पिढ्या घुशी आहेत, कुणाला काही सुचलं नाही.

लीचा संस्थापक त्याहून काटकसरी. रिचर्ड ली यांनी १९५८ साली जो लोडर काढला, त्यात मशीनच नाही. छोटं खोकं, त्यात दोन-चार लोखंडी नळ्या, बाकी काम लाकडी हातोडीनं ठोकून. टिकलीसुद्धा ठोकून बसवायची. एखादी टिकली मधूनच फटकन वाजते आणि माणूस खुर्चीतून वीतभर वर जातो, पण त्याला आजही गिऱ्हाईक आहे. ओट्यावर हे वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यांनी एकमतानं ठरवलं, की हा ली इतवारीचाच.

शेटजींनी प्रेसचा विचार त्यांच्या पद्धतीनं केला. "मशीन बीडाची का अ‍ॅल्युमिनियमची?" मी पाहिलं. हिरवी बीडाची, स्वस्तातली लाल अ‍ॅल्युमिनियमची. "मंग बीडाची घे म्हना. पोरगं कटाळलं तं किलोवर तरी विकता येते." लोहा ओळीत कुठल्याही यंत्राची पुढची गती आधी पाहतात.

निकाल दिला तो आमच्या ओट्यावरच्या निवृत्त टर्नरनं. तो अंबाझरीच्या आयुध निर्माणीत होता. ही फॅक्टरी १९६६ची. आता तिच्यासह अनेक निर्माण्यांचा कारभार पाहणाऱ्या यंत्र इंडिया लिमिटेडचं मुख्यालयही नागपुरातच आहे. इतकी वर्षं नोकरी केली, पण आत काय बनतं हे त्यानं बायकोलाही सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचा, "चहा बरा बनते." त्यानं यादी उलटसुलट पाहिली आणि तिसऱ्या जातीच्या मशीनवर नख ठेवलं.

"हे नोको. नव्या पोराच्या हाती एकच काम द्याव लागते भाऊ. होल मार, तं होल मार. दिवसभर. त्याले पाच कामं देल्ले, का तो सहावं करून ठेवते."

"पण वेळ लागेल ना," मी भाच्याच्या वतीनं म्हटलं.

"लागू द्या. त्याले कोनती लढाई लढाची हाय?"

हा प्रश्न मी जसाच्या तसा डॅलसला कळवला. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग भाचा म्हणाला, की रेंजवरचा त्यातल्या त्यात शहाणा म्हातारा पण हेच म्हणतो: पहिल्यांदा एकच काम करणारी घे, कुठं काय होतं ते बोटांना कळू दे, मग हवी तर निळी आण, जुनी विकू नकोस, लागतेच.

डायच्या बाबतीत मात्र वाद झाला नाही. पिस्तुलाच्या सरळ केसेससाठी कार्बाइडची कडी असलेली डाय मिळते. तीत तेल न लावता केस आवळली जाते. साध्या पोलादी डायमध्ये तेल लावायचं राहिलं तर केस अडकते आणि मग ती काढायला वेगळं सामान. चार पैसे जास्त देऊन कार्बाइड घे. टर्नर, शेटजी आणि रेंजवरचा म्हातारा, तिघांचंही एकच. विषय संपला.

आता काटा. मूळ मागणी तीच होती, आणि ती घेऊन मी सराफ्यात गेलो.

सराफा ओळीत सकाळी अकराच्या आत जावं. दुकानाची पूजा उरकलेली असते, उदबत्तीचा धूर असतो, गिऱ्हाईक नसतं आणि शेठ बोलायच्या मूडमध्ये असतात. आमच्या ओळखीच्या दुकानात काटा काचेच्या पेटीत बसतो. पेटीला पुढून सरकतं दार. सोनं ठेवायच्या आधी शेठ वर न पाहता म्हणतात, "पंखा बंद कर रे." पोऱ्या पंखा बंद करतो. आकडे थोडे डुलतात, मग थांबतात, आणि ते थांबेपर्यंत कुणी बोलत नाही. गिऱ्हाईक तर श्वाससुद्धा आखडून घेतं. तिसऱ्या दशांशालाही इथे किंमत असते, म्हणून हा सोपस्कार. सकाळी दुकान उघडलं की आधी प्रमाणित वजन पेटीत ठेवून काट्याची परीक्षा, मग लक्ष्मीला हळदकुंकू. हा क्रम मी कधी उलटा पाहिला नाही.

मी भाच्याचं काम सांगितलं. शेठनी विचारलं, "वजन किती करायचं?"

"पिस्तुलाच्या एका राऊंडला दारू साधारण चार-सहा ग्रेन."

"ग्रेन?" शेठ हसले. "म्हणजे दोन-तीन गुंजा."

आणि त्यांनी पाटीवर मांडून दाखवलं. कंपनी सरकारनं १८३३ साली तोळा ठरवला तो १८० ग्रेनचा. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा, म्हणजे तोळ्याच्या ९६. भागून टाका: एक गुंज पावणेदोन ग्रेनहून जराशी जास्त. मी घरी येऊन भाच्याच्या यादीशी ताडून पाहिलं, तर .४० कॅलिबरच्या पिस्तुलात सर्रास वापरतात ती गोळी १८० ग्रेनची. बरोब्बर एक तोळा शिसं! मेट्रिक वजनांचा कायदा आपल्याकडे १९५६ साली झाला. तरी इतवारीत भाव तोळ्याचाच विचारतात. खऱ्या तोळ्यात ११.६६ ग्रॅम, पण आता धरून चालतात १०, आणि वरचे दीड-पावणेदोन ग्रॅम कुठे गेले हे कुणी विचारत नाही. अमेरिकेनं तर पौंड आणि ग्रेन सोडलेच नाहीत. म्हणजे डॅलसचं गॅरेज आणि आमची सराफा ओळ एकाच जुन्या वजनाला लटकून आहेत, आणि दोघांनाही त्याची खबर नाही.

हे सगळं ऐकून काटा ही फार मजेची वस्तू वाटेल. तशी ती नाही. पिस्तुलाची केस आकारानं मोठी आणि दारू लागते थोडी. पुष्कळदा केस अर्धीसुद्धा भरत नाही. त्यामुळे विसरून त्याच केसमध्ये दुसऱ्यांदा दारू पडली तर ती उतू जात नाही, वरून गोळी बसते आणि बाहेरून ती गोळी इतर गोळ्यांसारखीच दिसते. झाडली की पिस्तूल हातात फुटू शकतं. दारू पडायचीच राहिली, तर नुसत्या टिकलीच्या जोरानं गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते; झाडणाऱ्याला वाटतं बार फुसका गेला, आणि तो पुढचा बार त्याच बंद नळीतून मारतो. म्हणून जाणते लोक केसेस ट्रेमध्ये ओळीनं उभ्या करतात आणि गोळी बसवायच्या आधी बॅटरीचा उजेड टाकून प्रत्येक केसमध्ये डोकावतात. सगळ्यांत दारूची पातळी सारखी हवी. काट्यावर एका ग्रेनचा दहावा भाग वाचता यायला हवा, म्हणजे गुंजेचा साधारण एकोणिसावा. आणि त्या वेळी टीव्ही चालू नको, गप्पा नकोत. माझ्या लेखी हे एकच कारण प्रोग्रेसिव्ह मशीन पहिल्या वर्षी न घ्यायला पुरेसं आहे.

भाच्यानं मात्र यादीत सगळ्यात जास्त पैसे निळ्या प्रेससाठी काढून ठेवले होते आणि सगळ्यात कमी काट्यासाठी. खिशात मावणारा, पानाच्या डबीएवढा एक बॅटरीचा काटा त्यानं निवडला होता. मी त्याचा फोटो शेठना दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिला.

"याला एक बटन आहे ना, युनिटचं?"

"असेल."

"तेच मारते. ग्रॅमवरून कॅरेटवर, कॅरेटवरून ग्रेनवर. बोट लागलं की युनिट बदलते, आकडा दिसते, माणूस आकड्यावर भरोसा करते." मग थोडं थांबून, "बॅटरी उतरली, एसीची हवा लागली, तरी आकडा हलते. रोज बाट ठेवून पाहते का तुमचा भाचा?"

बाट म्हणजे तपासणीची प्रमाणित वजनं. ती भाच्याच्या यादीतच नव्हती. शेठनी फोटो परत केला, अगदी नाजूकपणे, खोटं नाणं परत करावं तसा. त्यांनी काटा विकला नाही. म्हणाले, त्याला तिकडेच दांडीचा काटा घ्यायला सांगा, बॅटरी नसलेला, ज्यावर छोटं वजन सरकवतात. सोबत बाट घ्यायला सांगा. आणि वजन करताना पंखा बंद.

हे मी डॅलसला कळवल्यावर भाचा म्हणाला, "पण मामा, दांडीचा काटा जुन्या पद्धतीचा आहे, हळू आहे."

"तुले कोनती लढाई लढाची हाय?" मी टर्नरचं वाक्य उसनं घेतलं. ते आता घरात कुठल्याही खरेदीच्या वेळी वापरात आहे. मिक्सरच्या वेळी सौ.नं माझ्यावरच वापरलं.

सौ.चा या प्रकरणात प्रवेश झाला तो पितळेवरून. रेंजवरून उचललेल्या केसेस काळ्या झालेल्या असतात, त्या घासायला फिरतं पिंप लागतं, आणि पिंपात घालायला आक्रोडाच्या टरफलांचा चुरा. हा चुरा अमेरिकेत विकत मिळतो. त्यावर सौ.चा विश्वास बसेना.

"आक्रोड नाही? नुसती टरफलं?"

"नुसती टरफलं."

"अन् पैसे देऊन?"

किराणा ओळीत आक्रोड फोडून गर विकणाऱ्यांनी आजवर किती कमाई उकिरड्यावर टाकली, याचा हिशोब तिनं तिथल्या तिथे सुरू केला. मग म्हणाली, पितळेला टरफलं कशाला, चिंच लाव म्हणावं, नाहीतर लिंबू-मीठ. आमच्या बर्तन ओळीतून आणलेल्या घागरी असल्या टरफलांशिवायच चकचकतात. मी हसून हे भाच्याला सांगितलं, करमणूक म्हणून. तो हसला नाही. तिकडे आता ओल्या धुलाईची नवी पद्धत आलीय, म्हणाला, पाण्यात स्टीलच्या बारीक पिना, भांड्यांचा साबण आणि सायट्रिक अ‍ॅसिड. सायट्रिक अ‍ॅसिड म्हणजे किराणा ओळीत पुडीनं मिळणारं लिंबूसत. काडतुसाचं पितळ ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. घागरीचंही जातीनं भाऊबंदच. ज्यानं घागर निघते त्यानं केस निघते. तेव्हापासून टेक्सासहून फोन आला की भाचा आधी मामीला मागतो.

रेंजवर लोक झाडतात आणि केसेस तिथेच टाकून जातात. भाचा शेवटपर्यंत थांबून त्या वेचतो, आपल्या मापाच्या आहेत की नाही ते पाहतो. बहिणीला हे कळलं तेव्हा तिला जरा लागलं. पोराला इंजिनिअर केलं आणि ते तिकडे भुईवरचं पितळ वेचतं. मी तिला सराफा ओळीतल्या झारेकऱ्यांची आठवण दिली. सोनारांच्या दुकानापुढची धूळ झाडून, धुऊन त्यातून सोन्याचा कण काढणारी माणसं. त्यांच्यातल्या कुणाचा पोरगा अमेरिकेत आहे का, असं तिनं विचारलं. मी विषय बदलला.

वेचायचीही एक मर्यादा आहे. .२२ची गोळी पुन्हा भरत नाहीत. तिची टिकली वेगळी नसते, पेटणारा मसाला बुडाच्या काठातच भरलेला असतो, आणि पिन त्या काठावर आपटते. एकदा वाजली की भंगार. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण घेतलं, आशियाडमध्ये सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. ती स्पर्धा याच .२२च्या गोळीची. १० मीटरच्या एअर पिस्तुलात तर दारूच नाही, हवेच्या दाबानं ४.५ मिलिमीटरची शिशाची बारीक गोळी सुटते. म्हणजे ज्या नेमबाजीनं महाराष्ट्राला नाव दिलं, तिच्यात भाच्याच्या या यादीतली एकही वस्तू लागत नाही. हे मी त्याला सांगितलेलं नाही. आधीच निळी प्रेस गेली, पोराला किती दुःख द्यायचं.

शेवटी त्यानं खरेदी केली. सगळ्यात आधी दारूची मापं छापलेलं पुस्तक, कारण रेंजवरचा म्हातारा म्हणाला, त्याच्याशिवाय डब्याला हात लावू नको. मग दांडीचा काटा आणि बाट. मग कार्बाइडच्या डाय. प्रेस घेतली ती एकच काम करणारी, बीडाची, हिरवी, कुणीतरी वापरून कंटाळून विकलेली. शेटजींनी ऐकून फक्त मान डोलावली.

तिथे हा विषय संपायला हवा होता. पण परवा भाच्याचा फोन आला, की तो मार्चमध्ये येतोय, आणि मला एक भेट आणतोय. त्याच्या मित्राकडे एक जुनी प्रेस पडून आहे. "तुम्हाला शोकेसमध्ये ठेवायला मामा. नुसती मशीन आहे, आत काही नाही." आमच्याकडे मामानं भाच्याच्या पाया पडायची रीत आहे, त्या दिवशी ती रीत मला फोनवरूनच पार पाडावी लागली.

परदेशात ज्यांचे भाचे, पुतणे, जावई आहेत आणि त्या पोरांना असल्या छंदाची लागण झाली आहे, त्या सगळ्यांना म्हणून सांगतो. देशभरच्या स्फोटकांचे परवाने पाहणाऱ्या पेसोचं, म्हणजे १८९८ पासून चालत आलेल्या स्फोटक खात्याचं, मुख्यालय आमच्याच नागपुरात सेमिनरी हिल्सवर आहे. पण 'तुमचं ऑफिस आमच्या घरापासून जवळच आहे' हे कारण कुठल्याही कायद्यात चालत नाही. काटा आणा, बाट आणा, लिंबूसत इथे मिळेल. प्रेस आणू नका. १९५९च्या शस्त्र अधिनियमातल्या कलम २ च्या व्याख्येत दारूगोळा बनवायचं यंत्र हाच दारूगोळा आहे, आत काही असो वा नसो. आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना दारूगोळा बनवण्याची शिक्षा ७ वर्षांपासून सुरू होते आणि जन्मठेपेपर्यंत जाते.